तीन टीबीतले अकरा सेकंद

तो कॉम्प्युटर मी भंगारात देणार होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी फार मायेचा माणूस आहे. मोताळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी रोल होता, मग टेप आली, मग सीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, आणि आता ड्रोन. दर वेळी मी म्हणायचो, बस झालं, याच्यापुढं नवीन काही शिकायचं नाही. ड्रोनच्या वेळी शब्द पाळला आणि लग्नं हातची गेली. आता उरलं काय, तर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि तेरवीच्या फ्रेमा.

तेरवीच्या फोटोला फार डोकं लागत नाही. घरचे आधार कार्ड घेऊन येतात, नाहीतर मोबाइलमधला दहा माणसांचा फोटो. त्यातून मी आपला माणूस कापून काढतो, मागं निळं आभाळ टाकतो, बनियनवर असला तर अंगात कोट चढवतो. जन्मात कोट न घातलेली किती माणसं मी या तालुक्यातून कोटात रवाना केली, ते मलाच ठाऊक नाही. बाई असली तर पदर डोक्यावर ओढून देतो. घरचे पाहतात, हुबेहूब म्हणतात आणि काचेवर बोटं उमटू नयेत म्हणून फ्रेम टॉवेलात गुंडाळून घेऊन जातात.

त्या दिवशी म्हातारा आला तेव्हा सोयाबीन काढणीचे दिवस होते. बाजारपेठेत शुकशुकाट. सगळी माणसं वावरात आणि सगळा धुरळा गावात. म्हातारा पायरीशीच थांबला. डोकं नुकतंच भादरलेलं होतं. मी म्हटलं, बाबा, या ना आत. तर म्हणाला, सुतक आहे, आणि माझ्या काउंटरवरच्या गणपतीकडं बोट दाखवलं. मग तो बाहेरच्या बाकावर बसला आणि मी दारात उभा राहून त्याचं ऐकत राहिलो.

बायको जाऊन चार दिवस झाले होते. त्याआधी दोन वर्षं तिला लकवा होता. अंगाचा एक भाग गेला आणि तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं. पोराच्या मोबाइलमध्ये तिचे फोटो होते, पण सगळे त्यानंतरचे. त्याआधी तिचा फोटो काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं, आणि कोणी काढायला गेलं तर ती चुलीकडं तोंड करून बसायची. राहता राहिलं आधार कार्ड. ते त्यानं खिशातून काढून मला दिलं. त्यावर सगळ्यांचं असतं तसंच काळपट काहीतरी होतं.

"हे ती नाई," तो म्हणाला. "ही कोनीतरी भेलेली बाई हाये."

त्याला तिचा तोंड सरळ असलेला फोटो पाहिजे होता. तेरवीला खुर्चीवर ठेवायला, आणि मग भिंतीवर. एवढंच. आणि तो कुठं मिळेल हेही त्यानं हेरून ठेवलं होतं. त्याच्या भावाच्या पोरीच्या लग्नाची शूटिंग मीच केली होती, दहा-बारा वर्षांखाली. त्यात एकदा कॅमेरा तिच्यावर आला होता, हे त्यानं स्वतः पाहिलेलं. वरवटचं लग्न, असं तो म्हणाला. मी विचारलं, मग भावाकडं डीव्हीडी असेल ना? तर ती डीव्हीडी भावानं कधीच ज्वारीच्या वावरात पाखरं हाकलायला टांगून दिली होती. तीन तासांचं लग्न, रात्रंदिवस जागून कापलेलं, गाणी टाकून सजवलेलं, आणि त्याचा शेवट चिमण्या भेवडावण्यात.

मी "पाहतो" म्हणालो. आमच्याकडं पाहतो म्हणजे नाही. हे म्हाताऱ्यालाही माहीत असणार, पण तो उठला नाही. शेवटच्या गाडीपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायला आलो तर बाकावर हजर. घरात पाहुणे, सोयाबीन उभं, भावकी म्हणत असेल की सुतकात हा बाजारात कायले फिरते, आणि हा माझ्या दारात. मला त्याचा रागच आला. माणूस भांडला तर त्याला परत पाठवता येतं. नुसता बसून राहिला तर काय करणार?

शेवटी मी मागच्या खोलीत गेलो आणि त्या जुन्या कॉम्प्युटरवरची चादर काढली. आम्ही शूटिंगवाले तेव्हा टेपेवरचं चित्र एका एडिटिंग कार्डातून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचो आणि टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरायचो. ते कार्ड फायली लिहायचं ते आपल्याच पद्धतीनं. त्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावल्या की आवाज येतो आणि चित्र काळं. आणि ते कार्ड नवीन कॉम्प्युटरात बसत नाही. म्हणजे त्या बाईचा चेहरा असलाच तर या एका डब्यात होता, आणि याच डब्यावर दिसणार होता. डब्याची यूएसबीची भोकं एका पावसाळ्यात वीज पडून मेलेली, त्यामुळं पेन ड्राइव्हचाही प्रश्न नव्हता.

बटन दाबलं. पंखा गुरगुरला. चहा पिऊन झाला तेव्हा कुठं पडद्यावर निळं दिसलं. आणि मग आतून आवाज आला, टक. थोडं थांबून पुन्हा टक. ज्यानं डिस्कवर आयुष्य काढलंय त्याला या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. शूटिंगची डिस्क जायला निघाली होती. मी घाईघाईनं कॉम्प्युटर बंद केला आणि त्या डिस्कची वायर काढून ठेवली, की तिचा जो काही जीव उरलाय तो फुकट जायला नको.

आता यातलं सगळं पटकन दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, एवढंच काम होतं. म्हणून मी मलकापूरला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तुमच्या डब्यात बसतील अशा छोट्या डिस्क आता कोणी मागवत नाही, म्हणाला. आता मोठ्या येतात त्या सीसीटीव्हीसाठी. गावोगाव कॅमेरे लागलेत, सरपंचापासून पानटपरीपर्यंत. त्याच्याकडं तीन टीबीची एक होती, ती दिली. मी विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, डिस्क ती डिस्क, न चालायला काय झालं. आणि त्यानं ती आपल्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरला लावून तयारही करून दिली. पुढं आपल्याच दुकानाच्या कॅमेऱ्याला कामी येईल, अशी मी मनाची समजूत घातली आणि एसटीत ती मांडीवर धरून बसलो.

दुकानात येऊन लावली तर कॉम्प्युटरला ती दिसेचना. म्हणजे अगदीच दिसत नव्हती असंही नाही. डिस्कांच्या यादीत एक करड्या रंगाची पट्टी आली. तिच्यावर क्लिक करावं तर काही उघडत नाही, पुसावं तर पुसलं जात नाही, नाव द्यावं तर देता येत नाही. समोर आहे पण हात लावायचा नाही. मी वायर बदलली. दुसऱ्या भोकात लावली. बंद केला, चालू केला. दर वेळी दहा मिनिटं तो गुरगुरत बसायचा आणि मी त्याच्या तोंडाकडं पाहत बसायचो. बाहेर म्हातारा बसलेला. त्यानं एकदाही विचारलं नाही की झालं का. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला कोणावर तरी खेकसता आलं असतं.

दुकानदाराला फोन लावला. तो हसला. त्याच्या नव्या कॉम्प्युटरनं मोठ्या डिस्कची नवीन तऱ्हेची आखणी करून ठेवली होती, आणि माझ्या म्हाताऱ्या डब्याला ती वाचता येत नव्हती. डिस्क परत आणा, पुसून देतो, म्हणाला. झक मारत पुन्हा मलकापूर. गुडघे दुखतात, एसटीच्या पायऱ्या उंच, आणि रस्त्याचं काय बोलावं. बसमध्ये मला पहिल्यांदा वाटलं की हे आपण कायले करून राह्यलो? ती बाई माझ्या नात्यातली नाही, गोत्यातली नाही. मी तिला एका लग्नात कॅमेऱ्यातून क्षणभर पाहिली असेल. पण तेरवीला सहा दिवस राहिले होते आणि बाकावरचा माणूस काही हलत नव्हता.

त्यानं पुसून दिली. परत आलो, लावली, आणि या वेळी कॉम्प्युटरनं तिला ओळखलं. खरं सांगतो, मी एकट्यानंच टाळी वाजवली. मग आकडा पाहिला. तीन टीबीच्या जागी सातशे सेहेचाळीस जीबी. दोन हजारांच्या वर जीबी गेले कुठं? मी पुन्हा फोन केला आणि दुकानदाराला दोन शब्द जास्तच बोललो. मोटरसायकलवाल्या माणसाला कळेल असं त्यानं मला समजावलं. जुन्या गाडीच्या मीटरमध्ये जेवढी घरं, तेवढंच मोजता येतं. सगळे नऊ झाले की पुन्हा शून्य. तुमचा कॉम्प्युटर दोन हजाराच्या थोडं पुढं जाईपर्यंत मोजतो, मग पहिल्यापासून सुरू करतो. वर जे उरतं तेवढंच तुम्हाला दाखवतो.

मी डोक्याला हात लावून बसलो. मग लक्षात आलं की माझी मरायला टेकलेली डिस्क पाचशेची आहे. सातशे सेहेचाळीस म्हणजे आपल्याला चिक्कार झाले. डब्याला तेवढंच मोजता येत असेल तर तेवढंच मोज बाप्पा, त्यात माझं काय जातं. मी त्या सातशे सेहेचाळीसची आखणी केली आणि गपगुमान कामाला लागलो.

चूक झाली ती याच्यापुढं. आणि ती कॉम्प्युटरची नाही, माझी.

मरत्या डिस्कवरून सगळं उतरेल याची खात्री नव्हती. म्हणून ठरवलं, आधी म्हाताऱ्याचं लग्न घ्यायचं, बाकी मग उरलं तर. जुन्या डिस्कची वायर जोडली. फोल्डरांची यादी आली. त्यात 'वरवट' नावाचं फोल्डर होतं, म्हाताऱ्यानं सांगितलेल्याच सुमाराचं. मी ते धरलं आणि नव्या डिस्कवर सोडलं. सकाळी दहाला सुरू केलं. पट्टी मुंगीसारखी सरकायची, मधेच टक आवाज व्हायचा, पट्टी थांबायची, मग पुन्हा सरकायची. बारा वाजता लाइन गेली, इन्व्हर्टरनं निभावलं. मी जेवायलाही गेलो नाही. तीन वाजून गेले तेव्हा फोल्डर उतरलं.

मी बाहेर येऊन म्हाताऱ्याला म्हटलं, चला आत. तो गणपतीकडं पाहून थांबला. मी म्हटलं, देवाला मी सांगतो काय ते, चला. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि आत आला. मी पहिली फाइल लावली. मांडव, बँडवाले, फेटे, नवरदेव घोड्यावर. म्हातारा उभ्यानं पाहत होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी विचारलं, दिसल्या का कुठं?

"भाऊ," तो म्हणाला, "हे लोक कोन हायेत?"

माझ्या लगेच ध्यानात आलं. आमच्याकडं लग्नाला नाव पडतं ते समोरच्या गावाचं. पोरगी वरवट बकालला दिली, म्हणून पोरीकडच्यांसाठी ते वरवटचं लग्न, मग ते लागलं असेल त्यांच्याच अंगणात. मी या मातीतलाच. माझी बहीण बीबी गावाला दिली, तिच्या लग्नाला आम्ही अजून बीबीचं लग्न म्हणतो, आणि लागलं ते मोताळ्यात. पण धंद्यात मी फोल्डरला नाव द्यायचो ते काम सांगणाऱ्या पार्टीच्या गावाचं. वरवट म्हणजे वरवटच्या पार्टीनं सांगितलेलं काम. ती वरात भलत्याच गावाला गेली होती. म्हाताऱ्याच्या भावानं सांगितलेलं लग्न त्याच्याच गावाच्या नावाखाली, यादीत चार ओळी खाली पडलं होतं. एकदा विचारलं असतं की वरवटचं म्हणजे तिकडं दिलेली का तिकडून आणलेली, तर काम झालं असतं. सहा दिवसांत मला ते विचारायचं सुचलं नाही.

आणि मी ओरडलो त्याच्यावर. इतके दिवस बाहेर बसून काय केलं, सकाळपासून एकदा आत डोकावता नाही आलं का, सुतक सुतक करत बसले, आता घ्या. हे सगळं मी त्या माणसाला म्हणालो, ज्याची बायको जाऊन दहा दिवस झाले नव्हते. तो म्हणाला, "चुकलं माझं." एवढंच. मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून उगाच वायरी हलवत राहिलो.

खरं फोल्डर उघडायला गेलो तोवर डिस्क गेली. तीनदा टक झालं आणि मग काहीच नाही. यादीतूनही नाव गेलं. म्हातारा माझ्याकडं न पाहता म्हणाला, उद्या येतो, आणि गाडी धरायला गेला.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, मोठ्या डिस्कचं जमलं का ते विचारायला. मी झालेलं सांगितलं. तो म्हणाला, याला इलाज म्हणता येणार नाही, टोटकाच आहे, पण कधी कधी लागू पडतो. डिस्क प्लॅस्टिकच्या दोन पन्न्यांत घट्ट बांधायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. थंडीनं आतलं आकसतं आणि काही मिनिटं चालतं. चाललं तर चाललं. वर त्यानं एक जुना प्रोग्रामही सांगितला, जो फाइल अर्धीच उतरली तरी तेवढी ठेवून घेतो. तो माझ्याकडं सीडीवर होता.

बायकोनं दह्याचं भांडं खाली सरकवून जागा केली. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, एक बाई आहे यात.

सकाळी डिस्क बर्फासारखी गार होती. म्हातारा आज आतच आला, स्टुलावर बसला. मी वायर जोडायच्या आधी विचारून घेतलं, नीट, सावकाश. बाई कशात दिसल्या होत्या? हळदीत का पंगतीत का बोळवणीत? एकाच फाइलपुरता वेळ मिळेल, हेही सांगितलं. त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, हळदीत, हातात ताट होतं. हळद म्हणजे माझ्या क्रमानं दुसरी फाइल. बटन दाबलं. डिस्क गरगरली. कॉम्प्युटरनं तिला ओळखलं. मी दुसरी फाइल सोडली. पट्टी निम्म्याला आली आणि टक. मग टकटक. मग पट्टी जिथं होती तिथं थांबली, आणि डिस्क जी गेली ती कायमची गेली.

जेवढी उतरली तेवढी फाइल लावली. बरंच चित्र फाटलेलं होतं, पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन, मधेच कोणाचा कान, मधेच मांडवाचा खांब. वाजंत्रीचा आवाज तुटत तुटत येत होता. मग एकदम चित्र स्वच्छ झालं. हळदीची बाई-माणसं गोल करून बसलेली, आणि कॅमेरा, म्हणजे मीच, त्यांच्या तोंडांवरून सरकत चाललेला. हिरव्या लुगड्यातली एक बाई ताट धरून होती. कॅमेरा तिच्यावर आला तशी तिनं हनुवटी वर केली.

"मले काऊन काढून राह्यला?" ती म्हणाली. "नवरीले काढ ना."

आणि स्वतःच हसायला लागली. तेवढ्यात पुन्हा चौकोन झाले. त्याच्यापुढं फाइल नव्हती. मी वेळ पाहिला. अकरा सेकंद.

म्हाताऱ्यानं टेबलाची कड धरली होती. तो म्हणाला, "परत." मी परत लावलं. पुन्हा परत. किती वेळा ते मी मोजलं नाही, पण एक पासपोर्टवालं गिऱ्हाईक येऊन, थांबून, कंटाळून निघून गेलं, इतक्या वेळा. ती दर वेळी तेच म्हणायची आणि तो दर वेळी नवीन ऐकल्यासारखा ऐकायचा.

तो गेल्यावर मी माझ्या कामाला बसलो. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. अकरा सेकंदांतलं एकेक चित्र मी पुढं-मागं करून पाहिलं. सुरुवातीला ती बाजूला पाहत होती. तोंड मिटलेलं होतं तिथं डोळेही मिटलेले. डोळे चांगले होते तिथं ती बोलत होती. हसू आलं तिथं चौकोन. धंद्यात अशा अडचणीला उपाय असतो. डोळे चांगले आलेलं चित्र घेतलं, आणि आधार कार्डावरचे मिटलेले ओठ कापून, उजळून, त्याच्यावर बसवले. जोड कुठं आहे ते मलाही दिसेना. कुंकू ठळक केलं, पदर सारखा केला, मागं निळं आभाळ. तोंड सरळ. कित्येक वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं, असं मला वाटलं, आणि त्या थकव्यातही मी जरा खूश झालो.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ पाहिलं. मी हुबेहूबची वाट पाहत होतो.

"भाऊ, तोंड काऊन मिटवलं?" त्यानं विचारलं.

मी समजावलं. बोलताना तोंड उघडं येतं, दात दिसतात, एक डोळा लहान होतो, भिंतीवर लावायचा फोटो असा बरा दिसत नाही, लोक हसतील. मी मूळ चित्रही काढून दाखवलं, की बघा, हे असं आहे. त्यात तिची हनुवटी वर, तोंड अर्धं उघडं, चेहऱ्यावर वैताग आणि वैतागाच्या खाली हसू.

"दोन वर्षं मिटलेलंच होतं ना," तो म्हणाला. "लकवा झाला तवापासून एक शब्द बोलली नाई. मी बोलाचो, ती नुसती पाहे. हे बोलून राह्यली तं हिले बोलू द्या."

मी पुन्हा कॉम्प्युटरला बसलो. ओठ काढून टाकले. मागचं निळं आभाळही काढलं, कारण आता ते काहीतरीच दिसत होतं. हळदीच्या मांडवाचा तुकडा आणि ताटाची कड होती तशी ठेवली आणि मोठा प्रिंट काढला.

तेरवीला मी सहसा जात नाही. सगळ्या तालुक्याच्या तेरव्यांना जायचं म्हटलं तर दुकान कोण पाहील? त्या तेरवीला गेलो. मांडवात खुर्चीवर फ्रेम होती, झेंडूचा हार, समोर उदबत्त्या. म्हातारा खुर्चीशेजारी सतरंजीवर बसला होता. मी टेकतो न टेकतो तर त्या घरच्या जावयानं मला गाठलं. फोटोवाले तुम्हीच का, म्हणाला, याच्यापेक्षा बरा नव्हता का एखादा? मी म्हटलं, होता. तो पुटपुटत पंगतीकडं गेला आणि मी खांबाला पाठ टेकून बसलो.

आणि तिथून मी पाहत होतो. जो येई तो फोटोपुढं वाकून हात जोडी, मग मान वर करी आणि थबके. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. काय म्हणून राह्यली हो मामी? काय म्हणते हो काकू? तिच्या माहेरची माणसं आली, शेजारचे आले, वरवटहून ती पुतणी आली जिच्या हळदीत हे घडलं होतं. म्हातारा प्रत्येकाला सांगत होता, त्या अकरा सेकंदांत ती जशी म्हणाली तसंच, तोच झटका देऊन. पुतणी ऐकून हसली आणि हसता हसता तिथंच बसून रडायला लागली.

मी उठणार तेवढ्यात एका खूप म्हाताऱ्या बाईला दोघींनी धरून आणलं. ती म्हाताऱ्याची सासू होती. तिनं फोटोच्या काचेवरून हात फिरवला आणि मोठ्यानं विचारलं की पोरगी काय म्हणते. त्यानं सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. मग तो गुडघ्यांवर उठला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा सांगितलं, "म्हने, मले काऊन काढून राह्यला, नवरीले काढ ना."